दुपारची वीज, संध्याकाळचं गाव: जत तालुक्यातल्या एका सबस्टेशनचं प्रकरण

जत तालुक्याच्या पूर्व भागात एका ३३/११ केव्ही सबस्टेशनला (३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवून वाटणाऱ्या केंद्राला) लागून पाच मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला, गायरानावर उभा राहिलेला. त्याच्या विकासकानं प्रस्ताव मांडला की सबस्टेशनच्या कुंपणालगत १५ मेगावॅट-तासांची (एक मेगावॅट-तास म्हणजे हजार युनिट) बॅटरी बसवू, पाच-पाचचे तीन कंटेनर. कर्ज देणाऱ्या बँकेला तटस्थ तांत्रिक मत हवं होतं, म्हणून फाईल सांगलीला माझ्या टेबलावर आली. गाव, विकासक, बँक यांची नावं लिहीत नाही आणि आकडे थोडे गोल केलेत. प्रमाण मात्र तेच ठेवलंय.

प्रस्तावाचं पहिलं पान वाचताना सगळं सोपं वाटायचं. दुपारी वीज उतू जाते, संध्याकाळी गावात दिवे मिणमिणतात. मध्ये बॅटरी ठेवली की दोन्ही दुखणी बरी. हिशेब असा होता: मे महिन्यात भर दुपारी प्रकल्प साडेचार मेगावॅटच्या आसपास देतो, सबस्टेशनवरचा भार जेमतेम दीड, उरतात तीन. ते पाच तास धरले की १५. म्हणून बॅटरी १५ ची.

मला हा हिशेब तिथंच खटकला. बॅटरीचं माप दुपारी किती उरतं यावरून काढलं होतं. संध्याकाळी किती लागतं, हे त्या पानावर कुठंही नव्हतं. शिवाय 'उरतं' म्हणजे काय? सबस्टेशनवर न खपलेली वीज वाया जात नाही. ती ३३ केव्हीच्या लाईननं उलटी वर जाते आणि पुढं कुणाच्या तरी कारखान्यात वापरली जाते. नुकसान होत होतं ते वेगळ्याच कारणानं: दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान व्होल्टेज इतकं चढायचं, की प्रकल्पाचे इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारी यंत्रं) स्वतःहून बंद पडायचे. मे महिन्यात हे आठवड्यातून तीन-चारदा व्हायचं. ग्रिड नसल्याची भरपाई करारात असते. पण ग्रिड आहे, इन्व्हर्टरच सुटला, तर दोष कुणाचा, यावर पत्रव्यवहाराची जाडजूड फाईल तयार झाली होती.

आता जतचं वर्षाचं चक्र समजून घ्यायला हवं, कारण कागदावरची सरासरी इथं फसवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी द्राक्षं आणि डाळिंबाला पाणी लागतं, विहिरींना ते असतंही. त्या महिन्यांत दुपारी शेतीच्या वाहिन्या चार मेगावॅट ओढतात आणि सौर प्रकल्पाची वीज जागच्या जागी संपते. पावसाळ्यात पंप बंद, पण ऊनही अर्धंच. खरी गंमत एप्रिल-मेमध्ये. ऊन वर्षातलं सगळ्यात कडक आणि विहिरी, बोअर कोरडे. पंप चालवायला वीज आहे, उपसायला पाणी नाही. त्यात कृष्णेचं पाणी उपसून इकडं आणणाऱ्या म्हैसाळ योजनेचं आवर्तन सुटलं, तलावात पाणी आलं, की दोन दिवसांत भार अडीच-तीन मेगावॅटवर उडी मारतो. आवर्तन संपलं की पुन्हा खाली. म्हणजे विकासकानं दाखवलेले १५ मेगावॅट-तास हे वर्षातल्या फार तर दोन महिन्यांचं चित्र होतं, तेही आवर्तनाचे दिवस वगळून.

सबस्टेशनवर गेल्यावर मी आधी लॉगशीट मागितली. ऑपरेटर तासातासाचं रीडिंग निळ्या शाईनं लिहितो. मे महिन्याचं पान घामानं आणि चहानं मऊ पडलेलं. दुपारी एक वाजता ३३ केव्हीच्या बाजूला ३५.४. संध्याकाळी आठ वाजता ३०.४. नियमानं ही मर्यादा वर सहा आणि खाली नऊ टक्के, म्हणजे साधारण ३५ ते ३०. एकाच लाईनवर एकाच दिवशी वरची मर्यादा ओलांडलेली आणि खालची जवळ आलेली. शेवटचा रकाना मात्र मला जास्त बोलका वाटला: कपॅसिटर बँक 'चालू', सकाळी चालू, दुपारी चालू, रात्री चालू, अख्खा महिना.

ही १२०० केव्हीएआरची बँक बसवली होती पंपांसाठी. मोटरींना रिअॅक्टिव्ह पॉवर (मोटरीचं चुंबकीय क्षेत्र टिकवणारी वीज, ती केव्हीएआरमध्ये मोजतात) लागते, ती लांबून आणण्यापेक्षा जागेवर दिली की व्होल्टेज सावरतं. पण मोटरीच चालत नसतील तर तीच बँक व्होल्टेज उगाच वर ढकलते. वरून ट्रान्सफॉर्मरचा टॅपही (पुढं जाणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) संध्याकाळी गावाला बरं व्होल्टेज मिळावं म्हणून चढवून ठेवलेला. दुपारी ३५.४ आलेलं व्होल्टेज त्या टॅपमधून ११ केव्हीच्या बसवर (जिथून सगळे फीडर निघतात त्या मुख्य वीजपट्टीवर) १२.१ होऊन उतरायचं. दहा टक्के जास्त, बरोबर तेवढ्यावर इन्व्हर्टर सुटतात.

ऑपरेटरला विचारलं, "दुपारी बँक काढत का नाही?"

"काढतो की साहेब. पण कधी काढायची, कधी लावायची, हे कुणी लिहून दिलेलं नाही. काढली आणि तेवढ्यात आवर्तन सुटलं तर मोटरी जळायच्या, मग माझ्या नावानं बोंब."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मग अभियंत्यांशी बोलून एका कागदावर चार ओळींचा नियम झाला: शेतीचा भार एक मेगावॅटच्या खाली असेल आणि बस ११.६ च्या वर गेली तर बँक काढा. दुसरं, सौर प्रकल्पाच्या इन्व्हर्टरना दुपारी ०.९५ पॉवर फॅक्टरवर रिअॅक्टिव्ह पॉवर शोषायला लावलं. ही सोय त्यांच्यात होतीच, कुणी वापरली नव्हती. दोन्ही मिळून ३३ केव्हीच्या बाजूला एक केव्हीच्या आसपास उतरलं आणि इन्व्हर्टर सुटणं जवळपास थांबलं. एकही कंटेनर न आणता, फक्त एक स्विच आणि एक सेटिंग. विकासकाला हे फारसं आवडलं नाही, कारण त्याच्या प्रस्तावाचं अर्धं कारणच गेलं.

उरली संध्याकाळ. इथं मात्र बॅटरीला खरं काम आहे, हे मी पहिल्या दिवसापासून मान्य केलं होतं. गावठाण फीडरवर, म्हणजे गावातल्या घरांच्या वाहिनीवर, साडेसहा ते साडेदहा हे चार तास भाराचे: घरातले दिवे-पंखे-टीव्ही, पिठाच्या गिरण्या, दूध संकलन केंद्राचा चिलर. सर्वाधिक १.१ मेगावॅट, सरासरी ०.८. चार तासांचे ३.२ मेगावॅट-तास. एवढी वीज सबस्टेशनच्या बसवर जागेवर दिली, तर लांबच्या ३३ केव्ही लाईनवरचा संध्याकाळचा ताण हलका होतो आणि तो चढवलेला टॅपही खाली आणता येतो.

पण ३.२ लागतात म्हणून ३.२ ची बॅटरी घेऊन भागत नाही. बॅटरीतून बसपर्यंत येताना इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये सहाएक टक्के जातात: ३.४. तळाशी दहा टक्के शिल्लक ठेवायची: ३.८. लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल वर्षाला दोनेक टक्के क्षमता गमावतात; बारा वर्षांनी तीनचतुर्थांशाच्या आसपास उरेल असं धरून आजच मोठी घ्यायची: ४.९. आज मिळणारा वीस फुटी कंटेनर साधारण पाच मेगावॅट-तासांचा असतो. एक कंटेनर. तीन नव्हे.

प्रस्तावात जाता-येता मिळून कार्यक्षमता ९२ टक्के लिहिली होती. ती माहितीपत्रकातली, आणि फक्त बॅटरीच्या डीसी बाजूची. मीटर ११ केव्हीवर लागतो. तिथं पोचेपर्यंत दोनदा इन्व्हर्टर, दोनदा ट्रान्सफॉर्मर आणि सतत चालणारा कूलिंगचा चिलर. जतला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. सेल मात्र पंचविशीच्या आसपास ठेवायचे. अशाच एका चालू कंटेनरजवळ भर उन्हात मी उभा राहिलो होतो. सेलचा आवाज येत नाही, ऐकू येतो तो फक्त चिलरचा घोंघाट, आणि त्याच्या जाळीवर लाल धुळीचा थर. ती जाळी दर आठवड्याला झटकली नाही तर चिलर जास्त वीज खातो. मी हिशेबात ८५ टक्के धरले.

बाकीच्या दोन कंटेनरांचा प्रश्न पैशांनी सुटला. बॅटरीचे भाव गेल्या काही वर्षांत असे कोसळलेत, की जुन्या आकड्यांवर कुणी मत बनवू नये. २०२२ मध्ये सोलर एनर्जी कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या ५०० मेगावॅट/१००० मेगावॅट-तासांच्या निविदेत भाव आला होता दर मेगावॅटला महिना १०.८३ लाख रुपये. २०२४ अखेर आणि २०२५ मध्ये राज्यांच्या काही निविदांत, केंद्राचं अर्थसाहाय्य धरून, तोच भाव सव्वादोन लाखांच्या आसपास आला. दोन तासांची बॅटरी, रोज एक चक्र आणि ९५ टक्के उपलब्धता धरली तर एका मेगावॅटमागे महिन्याला ५७ हजार युनिट बाहेर पडतात. जुन्या भावानं साठवणुकीचा खर्च युनिटला १९ रुपये, नव्या भावानं चारच्या आत. (२०२२ च्या त्या निविदेत दिवसाला दोन चक्रांची मुभा होती, मी मुद्दाम एकच धरलंय.) दुपारची तीन रुपयांची वीज, त्यात १५ टक्के गळती, वर साठवणुकीचे चार: संध्याकाळचं युनिट साडेसातला पडतं. वीज बाजारात संध्याकाळी दर अनेकदा दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतात, ते पाहता हा सौदा बरा.

पण यात 'रोज' हा शब्द महत्त्वाचा आहे. दुसरा आणि तिसरा कंटेनर फक्त मे महिन्याची उरलेली वीज भरायला असेल, तर तो वर्षात साठेक दिवस चालेल. तोच सव्वादोन लाखांचा भाव, मेगावॅटमागे वर्षाचे २७ लाख, आणि बाहेर पडणारी वीज एक लाख वीस हजार युनिट. युनिटला साडेबावीस रुपये, वीज सोडून! बॅटरी महाग असते ती विकत घेताना नव्हे, रिकामी बसून राहिल्यावर. बँकेच्या अधिकाऱ्याला बाकी तांत्रिक पानांपेक्षा ही एक ओळ चटकन पटली.

बैठकीत एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं, "शेजारी कोयना असताना आपल्याला हे लोखंडी डबे कशाला?" प्रश्न रास्त होता. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट, आणि संध्याकाळची मागणी चढली की महाराष्ट्र पिढ्यानपिढ्या तिच्याकडेच बघत आलाय. चौथ्या टप्प्यातून एक टीएमसी पाणी खाली सोडलं तर साधारण तीन कोटी युनिट मिळतात. आमचा कंटेनर एका वेळी पाच हजार युनिटांचा. तुलनाच नाही. पण पश्चिमेकडं वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादानं ६७.५ टीएमसीची वार्षिक मर्यादा घातलीय, आणि वापरलेलं पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं, परत कोयनेच्या शिवसागर जलाशयात येत नाही. कोयना दुपारच्या उन्हानं भरून घेता येत नाही. दुसरं म्हणजे कोयनेच्या पोफळी वीजगृहाची वीज जतच्या या लाईनच्या टोकाला येईपर्यंत तिचं व्होल्टेज सांभाळणं हा प्रश्न तिथंच राहतो. सरांना हे दुसरं कारण जास्त पटलं. पहिल्यावर ते म्हणाले, "मग पाणी परत वर चढवा." उदंचन प्रकल्पांच्या मागची कल्पना नेमकी तीच आहे, पण ते काम एका सबस्टेशनच्या आवाक्यातलं नाही.

पाणी चढवण्याची एक गावठी आवृत्ती मात्र आवाक्यात होती, आणि प्रकरणाचा सगळ्यात अवघड भाग तिथंच निघाला.

माझा आग्रह होता की शेतीची वीज आधी पाण्याच्या रूपात साठवावी. ऊन असताना मोटर चालवा, शेततळं भरा, हवं तेव्हा ठिबकनं सोडा. म्हैसाळच्या अजस्र पंपांसाठी जर्मन बँकेच्या कर्जातून २०० मेगावॅटचा सौर प्रकल्प आखलाय, त्यामागं हेच तर्कशास्त्र आहे. मग संध्याकाळी शेतीच्या वाहिनीवर भार राहायचं कारणच काय? लॉगशीट मात्र सांगत होती की राहतो. थ्री फेज बंद करून वस्त्यांवरच्या दिव्यांपुरता सिंगल फेज पुरवठा ठेवला, तरी शेती फीडरवर संध्याकाळी दीडशे-दोनशे किलोवॅट जास्तीचे दिसत होते. वायरमनला कारण ठाऊक होतं, सगळ्यांनाच असतं: कंडेन्सर लावून दोन फेजवर चालवलेल्या मोटरी. पाच अश्वशक्तीच्या चाळीसेक मोटरी जरी धरल्या तरी चार तासांत ०.६ मेगावॅट-तास. एका कंटेनरचा आठवा हिस्सा असाच पळाला असता. शिवाय अशानं डीपी (शिवारातले छोटे ट्रान्सफॉर्मर) जळतात ते वेगळंच.

चोरून चालवतात, कारवाई करा, असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण डाळिंबवाल्या एका आप्पांनी विहिरीच्या काठावर नेऊन दाखवलं. मोटर सकाळी आठला लावली की अकराला फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो. मग झरे हळूहळू भरतात. पुन्हा तीन फूट पाणी यायला चार वाजतात. "दिवसा वीज द्या म्हणून आम्हीच मागितली, ती मिळाली. पण विहिरीला पाणी दुपारनं येतंय, त्याला आम्ही काय करावं?" आत वाकून पाहिलं तर पाण्याची ओली रेघ भिंतीवर वीतभर वर, खाली काळा खडक आणि एका भेगेतून करंगळीएवढी धार. शेततळं त्यांच्याकडंही होतं. पण ते भरण्याआधी पाणी विहिरीत तरी यायला हवं ना!

या उत्तरानं माझा हिशेब बदलला. आठ तास सलग वीज देण्याऐवजी त्या फीडरला दोन पाळ्यांत द्यायची: सकाळी ७ ते ११ आणि दुपारी २ ते ६. शेवटच्या तासाला ऊन उतरलेलं असतं, तेवढी वीज ग्रिडमधून घ्यावी लागते. पण चार वाजता मोटर कायदेशीर चालली तर सातला दोन फेजवर चालवायची गरज उरत नाही. वितरण कंपनीनं एका फीडरवर हे करून पाहायचं मान्य केलं. संध्याकाळचा चोरटा भार निम्म्याच्या खाली आला. पूर्ण गेला नाही. काही मोटरी सवयीनं चालतात, काही रात्री राखण करताना बरं पडतं म्हणून.

आगीची भीती गावसभेत निघणार हे ठरलेलंच होतं. एका पोरानं मोबाईलवर जानेवारी २०२५ मधली कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या आगीची चित्रफीत लावली. तिथं हजाराहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली होती. ते सेल निकेल-मँगनीज-कोबाल्टचे आणि एका बंद इमारतीत रचलेले होते. इथं लोह-फॉस्फेटचे, उघड्यावरच्या सुट्या कंटेनरात. हे सांगितलं, पण 'पेटतच नाही' असं कुणी सांगू नये. हे सेलही तापून फुटू शकतात, आणि त्यांतून निघणारा हायड्रोजन बंद पेटीत साठला तर स्फोट होतो. म्हणून वायू ओळखणारे सेन्सर आणि स्फोटाचा दाब वर सोडणारी झाकणं ही अट घातली. विकासकाच्या नकाशात कंटेनर गावाच्या बाजूच्या कुंपणाला होता, कारण तिथून केबल कमी लागते. तो उलट्या बाजूला, कंट्रोल रूमपासून आणि वस्तीपासून लांब नेला. पाण्याचा फवारा हे मुख्य संरक्षण म्हणून लिहिलेलं मी खोडलं. उन्हाळ्यात स्वतः टँकरवर जगणाऱ्या गावात ते वाक्य कुणी गंभीरपणे लिहावं, याचंच नवल वाटलं. एकटा कंटेनर जळून गेला तरी शेजारी काही पेटू नये, इतकं अंतर ठेवणं जास्त भरवशाचं.

शेवटचा वाद बॅटरी कुणाच्या सांगण्यावरून चालणार यावर झाला. विकासकाला ती स्वतःच्या हातात हवी होती. ज्या दिवशी बाजारात भाव जास्त, त्या दिवशी बाहेर विकू. त्याच्या बाजूनं पाहिलं तर चूक नाही. पण मग गावाला साडेसहाला व्होल्टेज मिळेल याची हमी राहत नाही, आणि बॅटरी सबस्टेशनच्या बसवर बसवण्याचं कारणच उरत नाही. मी लिहिलं की साडेसहा ते साडेदहा हक्क वितरण कंपनीचा, भाडं मासिक आणि उपलब्धतेवर, मीटर ११ केव्हीच्या बाजूला, आणि दर मार्च महिन्यात क्षमतेची चाचणी. पहिली काही वर्षं बॅटरीत रोज मेगावॅट-तासभर वीज जास्तीची असेल, ती विकासकानं साडेदहानंतर हवी तिथं विकावी.

बँकेनं एका कंटेनरपुरतं कर्ज मंजूर केलं. विकासक अजूनही म्हणतो की भाव पडतायत तोवर तिन्ही एकदम घेतले असते तर केबल, ट्रान्सफॉर्मर, क्रेनचा खर्च एकदाच झाला असता. यात तथ्य आहे, म्हणून दुसऱ्या कंटेनरचा चौथरा आणि केबलचा चर आत्ताच करून ठेवायला सांगितलंय. तो कंटेनर आणायची अट अहवालात अशी आहे: गावठाण फीडरचा संध्याकाळचा चार तासांचा वापर सलग दोन हंगाम साडेचार मेगावॅट-तासांच्या वर गेला पाहिजे. दूध संकलन केंद्र नवा मोठा चिलर बसवतंय, आणि गिरणीवाल्यानं मिरची कांडपासाठी जादा भाराचा अर्ज दिलाय.